जिन्यावरचा कोरम

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत उत्तम आहे असं मी धरून चालले आहे, कारण ती बिघडली असती तर तू तिचा फोटो टाकला असतास. माझ्या भावजयीचा खोकला थांबला का? पोरांच्या परीक्षा कशा गेल्या हे मुद्दाम विचारत नाही. (तुझ्या परीक्षांच्या वेळी घरी आलेला प्रत्येक पाहुणा तेच विचारायचा आणि तू मोरीत जाऊन कडी लावून बसायचास, ते मी विसरलेले नाही.) माझं म्हणशील तर गुडघे कुरकुरतात, डावा कान त्याला हवं तेवढंच ऐकतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. हे पत्र त्याच जिभेचं आहे असं समज.

तुझा निरोप पोचला. ‘नवी माध्यमं आणि बदलणारं जग’ या विषयावर तुझं मोठं व्याख्यान आहे आणि त्यात वापरायला नव्या माध्यमांनी माझ्या आयुष्यात काय बदल घडवला ते मी चार ओळींत लिहून पाठवावं, असं तू म्हणतोस. खाली तू एक रॉकेटही काढलं आहेस. धाकट्या, चार ओळींत माझी नुसती प्रस्तावनासुद्धा मावत नाही हे तुला पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे, म्हणून सरळ कागद घेऊन बसले. शिवाय मला जे सांगायचं आहे ते तुझ्या उपयोगाचं नाही, आणि निरुपयोगी गोष्ट सविस्तर सांगावी लागते. पाच मिनिटं दे.

जग बदलण्याच्या बाबतीत मी संशयी बाई आहे आणि त्याला कारण आहे. टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी उभी हयात काढली. कानाला यंत्र लावून मी ह्या गावचा माणूस त्या गावच्या माणसाला जोडून द्यायची. पुढे नंबर फिरवला की थेट फोन लागायला लागला, तेव्हा आमच्या मोठ्या साहेबांनी मांडवात उभं राहून सांगितलं की आता माणूस माणसाच्या जवळ येईल आणि जग बदलेल. बदललं एवढंच, की आमची रवानगी बिलांच्या खात्यात झाली आणि जी भांडणं आमच्यामार्फत व्हायची ती थेट व्हायला लागली. मग फॅक्स आला, साहेब दुसरे, भाषण तेच. त्यानंतर कॉम्प्युटर आला, तेव्हा तर साहेबांनी भाषणाचा कागदही बदलला नव्हता, फक्त एक शब्द खोडून वर दुसरा लिहिला होता. (मी पहिल्या रांगेत होते. मला दिसत होतं.) आता तू त्या मांडवात उभा राहणार म्हणतोस. उभा राहा, माझी ना नाही. पण आमच्या इमारतीत वर्षभर काय चाललं होतं ते ऐकून घे आणि मग उभा राहा.

आमची इमारत चार मजल्यांची. मी तळाला राहते आणि माझी मैत्रीण अगदी वर, चौथ्यावर. तिने जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, म्हणून मी तिला भूगोल म्हणते आणि ती मला एक्सचेंज म्हणते. तुम्ही लोक ज्याला मैत्री म्हणता त्यात एकमेकांना फुलं पाठवावी लागतात म्हणे. आम्ही भांडतो. तर गेल्या वर्षी भूगोल न्हाणीघरात घसरली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं, लिफ्टने तिला वर आणलं, आणि त्याच आठवड्यात त्या लिफ्टने मान टाकली. कंपनीचा माणूस आला, यंत्रावर टॉर्च मारून हळहळला आणि सांगून गेला की हिचे सुटे भाग आता कुठे बनत नाहीत, अख्खी लिफ्टच नवी बसवा. झालं. वॉकर धरून चालणारी भूगोल चौथ्या मजल्यावर, आणि बाकीचं सगळं जग तळमजल्यावर.

नवी लिफ्ट बसवायची तर सगळ्या घरमालकांची सभा घ्यावी लागते आणि निम्मे मालक जातीने हजर असल्याखेरीज, म्हणजे कोरम झाल्याखेरीज, ठराव होत नाही, असा आमच्याकडे नियम आहे. हा नियम मला आमच्या सेक्रेटरींनी समजावून सांगितला. ते पहिल्या मजल्यावर राहतात. माणूस वाईट नाही, पण श्वाससुद्धा नियमात बसवून घेतो. ते इमारतीच्या फोनवरच्या ग्रुपवर सभेची सूचना टाकायचे की खाली पटापट अंगठे उठायचे, हात जोडले जायचे, कुणी ‘अत्यंत गरजेचा विषय’ असं लिहायचं, कुणी त्याला टाळ्या द्यायचं. आणि ठरल्या वेळी खाली पार्किंगमध्ये जमायचे कोण, तर सेक्रेटरी, मी आणि रखवालदाराचं मांजर. सेक्रेटरी अर्धा तास वाट बघायचे, मग ‘कोरमअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे’ असं मांजराकडे बघून मोठ्याने म्हणायचे आणि खुर्च्या आवरायचे. मी एकदा चिडून विचारलं, अहो, ग्रुपवर एवढे अंगठे आलेत त्यांचं काय? तर म्हणाले, “काकू, अंगठा म्हणजे हजेरी नव्हे.” हे वाक्य तुझ्या व्याख्यानात खुशाल घाल. त्या माणसाचं मला पटलेलं हे पहिलं वाक्य.

दूध, औषधं, भाजी आणि वाचनालयातली पुस्तकं घेऊन मी रोज वर चढायची. अशीच एकदा तिसऱ्या मजल्यावर टेकले असताना तिथे राहणाऱ्या मुलीने मला गाठलं. ती व्हिडिओ बनवते. हा पोटापाण्याचा धंदा असू शकतो हे मला तेव्हा नवीन होतं. मनाने फार चांगली पोर. म्हणाली, तुम्ही काळजी करू नका, आपण ही गोष्ट जगापुढे नेऊ. मी म्हटलं, जगापुढे नको गं, दुसऱ्या मजल्यापुढे ने, तिथला एक माणूस सभेला आला तरी पुष्कळ. पण तिने नेलीच. मला दोन्ही हातांत पिशव्या देऊन तिने तोच जिना पुन्हा पुन्हा चढायला लावला, कारण पहिल्यांदा उजेड कमी होता आणि नंतर माझा चेहरा पुरेसा थकलेला नव्हता. (शेवटी तो थकला.) मागे व्हायोलिन लावलं. वर लिहिलं, ‘ही आजी जग बदलते आहे’. मी कुणाची आजी? तुझ्या पोरांची मी आत्या, आणि तेवढंच नातं मला झेपतं.

धाकट्या, तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. मी खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मलाही वाटलं की साहेबांचं भाषण या खेपेला खरं होतंय. कुठल्या कुठल्या देशांतून बदाम आले, रडकी तोंडं आली. एकाने लिहिलं की त्याला त्याची आई आठवली. त्याच्या खाली दुसऱ्याने विचारलं, पिशवी कुठे मिळेल? एकाला खात्री होती की हे सगळं नाटक आहे आणि ती बाई मुळात तरुण आहे. (त्याला मी मनोमन आशीर्वाद दिला.) मग दोघांचं कसल्याशा निवडणुकीवरून जुंपलं आणि माझ्या जिन्याखाली ते आठवडाभर एकमेकांचे पूर्वज काढत होते. आणि मग कुठल्याशा व्यायामशाळेने तो व्हिडिओ उचलला, व्हायोलिन काढून ढोल लावले आणि वर लिहिलं, ‘लिफ्ट टाळा, निरोगी राहा. या वयात त्या करू शकतात, तुम्ही का नाही?’ हा नवा अवतार आमच्या ग्रुपवर कुणी टाकला असेल? सेक्रेटरींनी. खाली त्यांच्याच शब्दांत, ‘आपल्या इमारतीस अभिमानास्पद’. त्यावर जे अंगठे उठले तेवढे सभेच्या सूचनेवर कधी उठले नव्हते. म्हणजे लिफ्ट बंद असणं ही आमच्या इमारतीची शोभा ठरली. त्या दिवशी मी ठरवलं की आता लिफ्ट आणल्याशिवाय बसायचं नाही, आणि ती माझ्याच पद्धतीने आणायची.

माझी पद्धत म्हणजे दारोदार जायचं. तुला वाटेल आता ही सांगणार की जुनं ते कसं चांगलं होतं. तसं काही नाही. मी प्रत्येक दाराची बेल वाजवली. आत टीव्ही चालू, भांडी वाजताहेत, कुणी शिंकतंय, पण दार उघडायचं नाव नाही. उलट मी बेल वाजवतेय तोवर ग्रुपवर विचारणा, ‘बेल कोण वाजवतंय? विक्रेत्यांना आत कुणी सोडलं?’ मग मोठ्या अक्षरांत कागद लिहून जिन्यात लावले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी लाल पेनाने त्यातलं शुद्धलेखन सुधारून ठेवलं होतं. दुसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात, त्यांना तर मी त्यांच्याच दवाखान्यात गाठलं, पैसे भरून, खुर्चीत आडवी पडून. पण मी तोंड उघडल्याबरोबर त्यांनी त्यात आरसा घातला. बोलणं राहिलं आणि दाढ मात्र गेली.

आता मुख्य प्रकार. सेक्रेटरींनी पुन्हा एक सभा लावली होती, रविवारी, संध्याकाळची. तिचंही काय होणार ते मला, सेक्रेटरींना आणि मांजराला ठाऊक होतं. त्याच दुपारी भूगोलाने मला तातडीने वर बोलावलं. निघताना मी तिला ‘आले गं’ एवढा आवाजी निरोप पाठवायला फोन उघडला. तो गेला कुठे, तर इमारतीच्या ग्रुपवर. आणि गेला म्हणजे तरी काय, तो बाहेर पडलाच नव्हता. त्या बटणावरून बोट वर सरकलं की आवाज आपोआप भरत राहतो म्हणे, तसं माझं बोट सरकलं आणि मी तो चालू फोन पिशवीत टाकून जिना चढायला लागले. जन्मभर दुसऱ्यांच्या लाइनी वेळेवर तोडणारी मी, माझीच लाइन उघडी टाकून निघाले.

एकटीने जिना चढताना मी बोलते. हे तुला माहीत नसेल, मलाही त्या दिवशीच कळलं. पहिल्या मजल्यावर मी म्हणाले, “हे आमचे सेक्रेटरी. स्वतःच्या लग्नातसुद्धा कोरम होईपर्यंत अंतरपाट धरून उभे राहिले असतील.” दुसऱ्यावर धापा टाकत, “हे डॉक्टर. गावाला आ करायला लावतात, पण सभेत यांचं तोंड उघडायला पक्कड लागेल.” तिसऱ्यावर बराच वेळ नुसता श्वास आहे, मग, “ही पोर गोड आहे, पण हिला माणसाचं दुःख दिसायला आधी उजेड चांगला लागतो.” मध्ये एका दाराशी मी असंही म्हणाले की यांच्या पायपुसण्यावर ‘सुस्वागतम’ लिहिलंय आणि बेल वाजवली की हे पडद्याआडून बघतात. बाकीचं मी तुला लिहीत नाही. मी तुझी मोठी बहीण आहे, मला काही मान आहे.

वर पोचले तर भूगोल खुर्चीत ताठ बसलेली. म्हणाली, “बस. मला एक सांगायचंय आणि तू मध्ये बोलायचं नाहीस.”

“मी कधी मध्ये बोलते?”

“आत्ता बोललीस. ऐक. मी हे घर विकायचं ठरवलंय. उद्या एक कुटुंब बघायला येतंय. भाचीच्या गावाजवळ एक वृद्धाश्रम आहे, त्यात तळमजल्यावर खोली मिळतेय. बाहेर अंगण आहे.”

मी विचारलं, “आणि लिफ्ट?”

“लिफ्ट येईल गं कधीतरी. तोवर मी काय करू? वर्ष झालं मी माणसं वरूनच बघतेय. कुणाचं टक्कल वाढलं एवढंच मला कळतं. मुलांना मी समुद्र शिकवले, वाळवंटं शिकवली, आणि परवा भाची फोनवर म्हणाली, मावशी, घरून कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत जायला किती वेळ लागतो, तर मला सांगता येईना. मला रडू आलं एक्सचेंज. मी वर्गात कधी रडले नव्हते.”

यावर एखादी शहाणी बाई काहीतरी धीराचं बोलली असती. मी काय बोलले? मी म्हणाले, “तू गेलीस तर मी हा जिना कुणासाठी चढू?”

“नको चढूस. गुडघे वाचतील.”

“गुडघे वाचवून त्यांचं करू काय? खाली बसून मांजराशी भांडू?”

मग मी त्या वृद्धाश्रमाचे फोटो आहेत का बघू म्हणून पिशवीतून फोन काढला, तर त्यावर लाल काहीतरी धावत होतं. ते थांबवावं म्हणून मी बाणासारखं दिसणारं काहीतरी दाबलं. ते थांबलं, आणि सगळ्या इमारतीला पोचलं.

कळलं कसं, तर ग्रुप गप्प झाला. आमचा ग्रुप कधी गप्प नसतो, सूर्य उगवला तरी तो त्याला फुलं देतो. पण त्या दुपारी एक अक्षर नाही. पुष्कळ वेळाने सेक्रेटरींचं एक प्रश्नचिन्ह आलं आणि पुन्हा शांतता. मी म्हटलं बघू काय झालंय, आणि ते ऐकायला लावलं. पहिल्या मजल्यापर्यंत ऐकलं आणि फोन पदराखाली दाबला. भूगोल मात्र हसायला लागली, इतकी, की एका हाताने तिला खुबा धरून ठेवावा लागला. वर्षभरात ती तशी हसली नव्हती. म्हणाली, “पुढचं लाव, डॉक्टरांचं काय ते ऐकू.” आणि डॉक्टरांचं काय ते ऐकत असतानाच जिन्यात पावलं वाजली. एकदोन माणसांची नव्हती ती, बरीच होती.

धाकट्या, मी घाबरले होते हे कबूल करते. दार उघडून बाहेर आले. खालून आवाज येत होते, ‘काय समजतात स्वतःला’, ‘पायपुसण्यापर्यंत गेल्या’, ‘वयाचा मान ठेवतो म्हणून’. चांगले तापलेले आवाज. पण ते जसजसे वर यायला लागले तसतसे बारीक होत गेले. दुसऱ्या मजल्यापर्यंत वाक्यं होती, तिसऱ्यापासून नुसते शब्द. सगळ्यांत पुढे डॉक्टर. माझ्यासमोर येऊन त्यांनी बोट उगारलं आणि म्हणाले, “काकू... मी... तोंड...” पुढचं आलंच नाही. त्यांनी कठडा धरला आणि ते मटकन पायरीवर बसले. त्यांच्यामागचे त्यांच्यामागे बसले. सेक्रेटरी घामाने निथळत सगळ्यांत शेवटी वर आले. पहिल्या मजल्यावरचा माणूस, त्याला चौथा मजला असतो हे फक्त कागदावर माहीत.

मी हात जोडणार होते, तेवढ्यात माझ्यामागे वॉकरची खटखट झाली. भूगोल उंबऱ्यात आली होती. तिने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि वर्गात म्हणावं तशी म्हणाली, “सगळ्यांनी आधी पाणी प्या. रागावणं नंतर.”

पाणी पिऊन झालं. मग डॉक्टर श्वास सापडल्यावर तिला म्हणाले, “बाई, तुम्ही घर विकताय?” त्यांच्या मुलीला भूगोलानेच शिकवलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

“तुम्ही आत्ता जे चढून आलात ना डॉक्टर,” भूगोल म्हणाली, “ते मला उतरता येत नाही. एवढंच आहे. माझा कुणावर राग नाही.”

राग असता तर बरं झालं असतं रे. राग नाही म्हटल्यावर त्या जिन्यावर बसलेल्या माणसांना नजर कुठे ठेवावी ते समजेना. व्हिडिओवाली मुलगी डोळे पुसत होती आणि तिचा फोन खाली चार्जिंगला होता. त्यामुळे या सगळ्या प्रकाराचा एकही फोटो जगात नाही. तू व्याख्यानात दाखवायला मागशील म्हणून आधीच सांगते.

आणि मग सेक्रेटरी उभे राहिले. ते मघापासून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते आणि मला वाटलं मला शिव्या देताहेत. ते एकदम ओरडले, “कुणीही हलू नका!” सगळे दचकले. त्यांनी बोटाने एकेक डोकं मोजलं, पुन्हा उलटीकडून मोजलं. मला आवाजात कापरं भरलेले सेक्रेटरी तेव्हा पहिल्यांदाच दिसले. “काकू,” ते म्हणाले, “कोरम झालाय.”

मी म्हटलं, “पण सभा खाली पार्किंगमध्ये आहे ना?”

“सूचनेत ‘इमारतीच्या आवारात’ असं लिहिलंय. जिना आवारातच येतो.” मग त्यांनी घड्याळ बघितलं. सभेच्या वेळेला थोडा अवकाश होता. नियम म्हणजे नियम. त्या माणसाने कुणाला उठू दिलं नाही, आम्ही सगळे मुकाट बसून राहिलो, आणि वेळ झाल्याबरोबर त्याच पायरीवर त्यांनी सभा सुरू झाल्याचं जाहीर केलं. ठराव मांडला दातांच्या डॉक्टरांनी, तोंड अगदी व्यवस्थित उघडून. व्हिडिओवालीच्या वडिलांनी अनुमोदन दिलं. विरोधात कुणी नाही. ‘सुस्वागतम’वाल्या बाई तेवढ्या माझ्याशी अजून बोलत नाहीत, पण हात त्यांनीही वर केला होता.

लिफ्ट काही दुसऱ्या दिवशी आली नाही. जुनी काढायला, भिंत फोडायला, नवी यायला पुष्कळ काळ गेला, आणि त्या काळात इमारतभर इतकी धूळ होती की आम्ही एकमेकांना खोकल्यावरून ओळखत होतो. पण घर बघायला येणाऱ्या कुटुंबाला भूगोलाने येऊ नका म्हणून कळवलं. आणि एक झालं, चौथ्या मजल्याची वाट लोकांच्या पायाखालची झाली. डॉक्टर येता-जाता तिची कवळी बघून जायला लागले. सेक्रेटरी दर रविवारी लिफ्टच्या कामाची प्रगती तिला उभ्याने वाचून दाखवायचे. ती त्यांना शेवटी बसवायची आणि त्यांच्या मराठीतल्या चुका काढायची. (लाल पेन कुणाचं होतं याचा मला आता संशय नाही. तिनेच माझा कागद वर मागवून घेतला असणार.)

ज्या दिवशी लिफ्ट चालू झाली त्या दिवशी भूगोल खाली आली. भाषण नाही, फीत नाही. ती कोपऱ्यापर्यंत चालत गेली, बसथांब्याच्या बाकावर बसली, आणि उठेचना. मी म्हटलं, चल, थकशील. ती म्हणाली, जरा थांब, माणसं समोरून कशी दिसतात ते बघू दे. एक बस आली, तिच्यातून एक पोट सुटलेला, अर्धा पिकलेला माणूस उतरला, त्याने तिला पाहिलं आणि आधी शर्ट आत खोचला. तिचा विद्यार्थी. दोघं एवढा वेळ बोलत बसले की मागून आणखी दोन बस येऊन गेल्या.

आता तू काय म्हणणार ते मला ऐकू येतंय. तू म्हणणार, बघ अक्का, त्या आवाजी निरोपानेच तर हे घडलं. नाही धाकट्या. मी यावर खूप विचार केला आहे आणि माझं मत मी बदलणार नाही. व्हिडिओ लाखोंनी पाहिला, लाखोंना वाईट वाटलं, आणि त्यांतला एकही जण एक पायरी चढला नाही. माझा निरोप मूठभर लोकांनी ऐकला, तोही रागाने, आणि ते चढून आले. त्यांना शहाणपण आलं ते निरोप ऐकून नव्हे. ते आलं तिसऱ्या मजल्यावर, दम लागल्यावर. यंत्राने त्यांना घराबाहेर काढलं एवढं मी मान्य करते, आणि तेही नाइलाजाने. पुढचं काम जिन्याने केलं. तुझी नवी माध्यमं माणसाला उठवू शकत असतील तर उठवोत बापडी, पण उठलेला माणूस पुन्हा बसायच्या आत त्याला कुठेतरी चढवावं लागतं, आणि ते अजून कुठल्या फोनमध्ये निघालेलं नाही. हे तुझ्या श्रोत्यांना सांग. नाहीतर मी सांगेन.

भावजयीला आशीर्वाद, पोरांना पापा. खोकल्यावर रात्रीचं ताक बंद करा.

तुझी
अक्का

ता. क. १: ‘नाहीतर मी सांगेन’ हे मी रागाच्या भरात लिहिलेलं नाही. मी आणि भूगोल दोघी तुझ्या व्याख्यानाला येतोय. खाली उतरल्यापासून ती घरात ठरत नाही. पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या ठेव, एक वॉकर ठेवायला जागा असलेली. सभागृहाला पायऱ्या आहेत का ते संयोजकांना विचारू नकोस, स्वतः जाऊन बघ.

ता. क. २: इमारतीतल्या बाकीच्यांना येणं जमणार नाही, म्हणून तुझं व्याख्यान माझ्या फोनवरून ग्रुपवर थेट दाखवायचं मी कबूल केलं आहे. व्हिडिओवालीने मला शिकवलंय आणि मला ते बऱ्यापैकी जमतं. तुझ्या तोंडावर उजेड नीट पडेल असा उभा राहा. सेक्रेटरी बघत असतील, तेव्हा लग्नातल्या अंतरपाटाचा उल्लेख करायचा नाही.

ता. क. ३: मुक्काम अर्थातच तुझ्याकडे. तू तिसऱ्या मजल्यावर राहतोस, तेव्हा तुमची लिफ्ट चालते का ते आजच तिच्यात बसून बघ. आणि एक कर. तुमच्या इमारतीत वरच्या मजल्यांवर कुणी अडकून पडलेलं नाही ना, ते दार वाजवून विचारून ये. असलं कुणी, तर मला कळव. आम्ही दोघी परतीची तिकिटं अजून काढलेली नाहीत.